ओसरी आणि माजघर

फेब्रुवारी २०२३. आलिया भट मुंबईतल्या आपल्या घरी दुपारची दिवाणखान्यात बसली होती. कोणीतरी आपल्याकडे बघतंय असं तिला जाणवलं. मान वर करून पाहते तर शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर दोन माणसं, आणि त्यांच्या कॅमेऱ्याचं तोंड थेट तिच्याकडे. तिची मुलगी तेव्हा जेमतेम साडेतीन महिन्यांची होती. फोटो प्रसिद्ध झाले, आणि तिने मुंबई पोलिसांना उद्देशून इन्स्टाग्रामवर जाहीर तक्रार केली.

त्या आठवड्यात हा विषय जिथे जिथे निघाला तिथे एक वाक्य मी हमखास ऐकलं: "एवढंच होतं तर पडदे लावून बसायचं." बोलणारी माणसं दुष्ट नव्हती. त्यांच्या बहिणीचा असा फोटो कोणी काढला असता तर हीच माणसं काठी घेऊन त्या गच्चीवर चढली असती. पण बाई नटी आहे म्हटल्यावर तिच्या खिडकीचा न्याय वेगळा झाला. मला हा वेगळा न्याय पटत नाही. त्याचबरोबर, नामांकित माणसाबद्दल काहीच विचारू नये असं म्हणणारेही मला पटत नाहीत. आपण ज्यांना विचारतो ती माणसं बरोबर असतात, विचारतो ते प्रश्न चुकीचे असतात, असं माझं म्हणणं आहे.

आपल्याकडची जुनी घरं आठवून पाहा. अंगण, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, आणि आत कुठेतरी बाळंतिणीची अंधारी खोली. अंगणात वासुदेव यायचा, कल्हईवाला यायचा, कोणीही यायचं. ओसरीवर कामाची माणसं. पाटलाच्या ओसरीवर तर अख्ख्या गावाचा राबता असायचा. तिथे बसून तो सारा वसूल करायचा, तंटे सोडवायचा, आणि म्हणून तिथेच गाव त्याला जाबही विचारू शकायचं. पण तो पाटील आहे म्हणून गाव त्याच्या माजघरात शिरत नसे. माणूस जितका मोठा तितकी त्याची ओसरी मोठी. माजघर मात्र पाटलाचं आणि कुळाचं सारखंच.

हे लिहिताना मला याच घरांची दुसरी बाजू ठाऊक आहे. माजघराच्या त्या अंधारात बायकांनी मार खाल्ला, विधवांचे केस कापले गेले, आणि हे सगळं 'घरातली गोष्ट घरात' या एका वाक्याखाली झाकलं गेलं. तेव्हा मी ज्याची बाजू घेतो आहे ती घराण्याची अब्रू नव्हे. खासगीपणा एकेका माणसाचा असतो, घरातल्या कर्त्याचा नसतो. आत कोणावर अन्याय होत असेल तर तो बाहेर येऊन सांगण्याचा हक्क त्या माणसाचा, आणि ते ऐकण्याचं कर्तव्य आपलं. पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने दार उघडणं वेगळं, आणि रस्त्यावरच्या माणसाने फटीला डोळा लावणं वेगळं.

फटीला डोळा लावण्याच्या या धंद्याचा इतिहास मुंबईतलाच आहे, आणि त्यात मराठी माणसांचा हात मोठा आहे. बाबूराव पटेलांनी १९३५ मध्ये 'फिल्मइंडिया' काढलं. त्यांची खरमरीत परीक्षणं आणि वाचकांना दिलेली तिखट उत्तरं यांवर ते मासिक चालत असे. पुढे देवयानी चौबळ यांनी 'स्टार अँड स्टाइल'मधल्या सदरातून हिंदी-इंग्रजीची अशी काही भेसळ केली की कानाशी लागून बोलल्यासारखा मजकूर छापता येऊ लागला. ऑक्टोबर १९७१ मध्ये नारी हिरा यांच्या 'स्टारडस्ट'चा पहिला अंक आला. संपादक होत्या विशीतल्या शोभा राजाध्यक्ष, म्हणजे आजच्या शोभा डे. मुखपृष्ठावर प्रश्न होता, राजेश खन्नाचं गुपचूप लग्न झालं आहे का?

या मासिकांच्या बाजूने एक खरी गोष्ट सांगता येते, आणि ती मी मानतो. त्यांच्या आधी सिनेमाबद्दलचं बरंचसं छापील लिखाण म्हणजे निर्मात्यांकडून आलेली गुळचट माहिती असे. नायिका सगळ्या सोज्वळ, नायक सगळे मातृभक्त. या मासिकांनी तो मुलामा खरवडला, आणि पडद्यावरची माणसंही भांडतात, चुकतात, खोटं बोलतात हे वाचकाला कळलं. याला अनेक जण धाडस म्हणतात. मी बराच काळ तसंच म्हणत होतो.

१९९० साली मी नववीत होतो. त्या दिवाळीच्या सुमारास आमच्या गावातल्या सलूनमध्ये नंबर लावून बसलो असताना इंग्रजी सिनेमासिकांचा गठ्ठा चाळत होतो. २ ऑक्टोबरला रेखाच्या नवऱ्याने आत्महत्या केली होती. लग्नाला सात महिने झाले होते. एका मासिकाने मुखपृष्ठावर तिला 'ब्लॅक विडो' ठरवलं होतं, नराला खाऊन टाकणारी कोळीण. मला इंग्रजी फारसं येत नव्हतं, तरी तो मजकूर मी दोनदा वाचला. आत कुठेही पुरावा नव्हता. होता फक्त एक ठाम सूर, की मेलेला पुरुष आहे म्हणजे मारणारी बाई असणारच. सलूनमधली मोठी माणसं त्यावर बोलत होती आणि मी मान हलवत होतो. पांढऱ्या पायाची, असं एक आजोबा म्हणाले. तो शब्द मला घरातल्या एका आत्याबाबत ऐकून माहीत होता. इंग्रजी मासिक आणि आमचे आजोबा एकच गोष्ट बोलत होते, हे कळायला मला पुढची पुष्कळ वर्षं लागली.

तीस वर्षांनी, जून २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूतचा मृत्यू झाला आणि तोच मजकूर वृत्तवाहिन्यांवर पुन्हा सुरू झाला. या वेळी त्याची मैत्रीण रिया चक्रवर्ती. १९९० मध्ये काळी कोळीण होती, २०२० मध्ये काळी जादू आली. ती बॅलार्ड इस्टेटच्या अमली पदार्थविरोधी कार्यालयात चौकशीला पोचली त्या दिवशी कॅमेऱ्यांच्या गराड्यात तिला पाऊल टाकायलाही जागा नव्हती, आणि तिच्या अंगावर पडत असलेल्या माणसांची ती दृश्यं अख्ख्या देशाने पाहिली. ८ सप्टेंबरला अटक, ७ ऑक्टोबरला जामीन. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन वाहिन्यांचं वार्तांकन सकृद्दर्शनी न्यायालयाचा अवमान करणारं होतं असं नोंदवलं, आणि आत्महत्येच्या बातम्यांबद्दल माध्यमांना मर्यादा आखून दिल्या. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करत असल्याचा अहवाल दाखल केला. अहवाल आला त्या दिवशी त्याची बातमी किती मिनिटं चालली, आणि २०२० मध्ये दिवसाला किती तास चालत होती, हे ज्यांनी दोन्ही पाहिलं त्यांना सांगायला नको.

धाडसाबद्दलचं माझं मत इथे बदललं. या सगळ्या इतिहासात लेखणी कोणावर उगारली गेली ते पाहा. नवरा गमावलेली बाई. मनाच्या आजाराने खचत गेलेली परवीन बाबी, जिचा आजार मुखपृष्ठांचा विषय झाला आणि जी २००५ मध्ये एकटीच घरात मरून पडली. दुबईत बाथटबमध्ये बुडून गेलेली श्रीदेवी, जिच्या मृत्यूचं प्रात्यक्षिक एका वार्ताहराने स्वतः टबमध्ये झोपून दाखवलं. उलट जे खरोखर बलवान होते, ज्यांच्या एका फोनवर जाहिराती बंद होऊ शकत होत्या, त्यांच्या ऑफिसात काय चालतं याचा शोध या मासिकांनी क्वचितच घेतला. भूमिका मिळवण्यासाठी मुलींकडून काय मागितलं जातं हे त्यांच्या पानांवर चुरचुरीत विनोद म्हणून येत राहिलं, तक्रार म्हणून आलं नाही. केरळात मल्याळम सिनेमातल्या बायकांची स्थिती तपासायला २०१७ मध्ये हेमा समिती नेमावी लागली. तिचा अहवाल २०१९ च्या डिसेंबरात सरकारकडे गेला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये, काही भाग गाळून, लोकांसमोर आला. सेटवर बायकांना स्वच्छतागृहं नसतात, कपडे बदलायला सुरक्षित जागा नसते, इतकी साधी गोष्ट त्यात होती. गॉसिप लिहिणारे सेटवर दिवसरात्र वावरतात. हे त्यांना दिसत नव्हतं असं मला वाटत नाही.

आता नेहमीचा आक्षेप. "हे लोक स्वतःच फोटोग्राफरला बोलावतात, मग तक्रार कसली?" यात तथ्य आहे. विमानतळावरचे, जिमबाहेरचे अनेक फोटो आधी कळवून होतात. जनसंपर्क सांभाळणारी माणसं वेळ आणि गाडीचा नंबर स्वतः पाठवतात. पण गणपतीला घर सगळ्यांसाठी उघडं ठेवणाऱ्या माणसाकडे तुम्ही पितृपक्षात न विचारता शिरत नाही. एका दिवशी दिलेली परवानगी त्या दिवसापुरती आणि त्या खोलीपुरती असते. यापेक्षा अवघड काही त्यात नाही.

संमती म्हणजे काय हे पाहायचं तर राजाध्यक्ष याच आडनावाचा दुसरा माणूस आठवावा, गौतम राजाध्यक्ष. त्यांनी काढलेल्या चेहऱ्यांत किती खासगी काहीतरी दिसतं! दुर्गाबाई खोट्यांपासून पुढच्या तीन पिढ्या त्यांच्या कॅमेऱ्यासमोर निवांत बसल्या. समोरच्या माणसाने आपला चेहरा त्यांच्या हवाली केलेला आहे हे त्या फोटोंत कळतं. गच्चीवरून लांब भिंग लावून काढलेल्या फोटोत बाईचा चेहरा कदाचित जास्त 'खरा' असेल. पण तो चोरलेला आहे, आणि चोरीचा माल खरा आहे म्हणून चोरी माफ होत नाही.

अभिनेत्री हंसा वाडकरांची गोष्ट मला याहून मोठी वाटते. दारू, पुरुष, पळून जाणं, मुलीपासून तुटणं, कोणत्याही गॉसिप मासिकाला वर्षभर पुरेल असं आयुष्य. ते त्यांनी स्वतः सांगितलं. 'सांगत्ये ऐका' १९७० मध्ये पुस्तकरूपाने आलं तेव्हा मराठी वाचकाने ते आदराने वाचलं, अजून वाचतो. तोच तपशील, तीच माणसं, पण सांगणारी ती होती. किती सांगायचं, कुठे थांबायचं, कोणाचं नाव घ्यायचं हे तिच्या हातात होतं. त्या आयुष्यावर १९७७ मध्ये 'भूमिका' निघाला आणि स्मिता पाटीलने तो पडदा व्यापून टाकला. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी ही मुलगी. पुढे विवाहित नटाशी तिचं नातं जुळलं तेव्हा घर फोडणारी म्हणून तिच्याबद्दल जे लिहिलं गेलं त्यात तिला आपली बाजू सांगायला जागाच नव्हती. २८ नोव्हेंबर १९८६ ला तिला मुलगा झाला आणि १३ डिसेंबरला ती गेली. एकतीस वर्षांची होती. हंसाबाईंना 'ऐका' म्हणता आलं. स्मिताबद्दल मात्र लोकच बोलत राहिले.

मग रेषा कुठे मारायची? मला सापडलेलं सगळ्यात उपयोगी उत्तर लंडनच्या एका खटल्यात आहे. नेओमी कॅम्पबेल ही प्रसिद्ध मॉडेल, आपण ड्रग्ज घेत नाही असं ती जाहीरपणे सांगत असे. १ फेब्रुवारी २००१ ला 'डेली मिरर'ने छापलं की ती व्यसनी आहे आणि नार्कॉटिक्स ॲनॉनिमस या व्यसनमुक्ती गटाच्या बैठकांना जाते. सोबत बैठकीच्या जागेबाहेर रस्त्यावर काढलेला तिचा फोटो. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला आणि मे २००४ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी तिच्या बाजूने निकाल लागला. त्यातली खोच अशी की ती खोटं बोलली हे छापायचा वृत्तपत्राला हक्क होता, आणि हे तिच्या वकिलांनीही मान्य केलं होतं. जी गोष्ट तिने स्वतः लोकांपुढे मांडली ती खोटी असल्याचं दाखवणं हे पत्रकाराचं कामच. आक्षेप होता तो उपचारांच्या तपशिलावर आणि त्या फोटोवर. व्यसन सोडण्यासाठी धडपडणारा माणूस कोणत्या दारातून आत जातो, किती वेळा जातो, हे जगाला सांगितलं की तो पुन्हा त्या दारात पाऊल ठेवायला धजत नाही. फोटो सार्वजनिक रस्त्यावरचा होता, तरी त्यात टिपलेली गोष्ट खासगी होती. 'रस्त्यावर काढला, मग काय बिघडलं' या युक्तिवादाला मला याहून नेमकं उत्तर माहीत नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने मोनॅकोच्या राजकन्या कॅरोलिनच्या बाजूने निकाल दिला. ती बाजारात जाते, घोड्यावर बसते, मुलांना घेऊन फिरते, असे फोटो जर्मन मासिकं छापत होती. न्यायालयाने विचारलं, यातून समाजाच्या कोणत्या चर्चेत भर पडते?

हा प्रश्न आपल्याकडे लावून पाहू. एखादा नट पानमसाल्याच्या कंपनीची 'इलायची' विकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि इलायचीच्या डबीवरचं नाव मात्र तेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ती करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याला याबद्दल विचारा. रोज विचारा, विमानतळावर विचारा, जिमबाहेर विचारा. तो ओसरीवर बसून माल विकतो आहे. निर्मातीला विचारा की मालिकेतल्या कलाकाराचे पैसे नव्वद दिवसांनी का मिळतात. खासदार झालेल्या नटीला लोकसभेतल्या हजेरीबद्दल विचारा. या माणसांना प्रश्न विचारणारा माइक दर संध्याकाळी त्यांच्या तोंडासमोर असतोच. त्यावर आपण विचारतो, "मॅम, गुड न्यूज कधी?"

कायदा आपल्याकडे आहे आणि नाही. १९९४ मध्ये, तमिळ साप्ताहिक 'नक्कीरन'च्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाला स्वतःचं कुटुंब, लग्न, बाळंतपण, शिक्षण याबाबतीत एकटं सोडलं जाण्याचा हक्क आहे. सार्वजनिक दप्तरातली माहिती आणि सरकारी माणसाचं सरकारी काम मात्र त्या हक्काखाली लपवता येणार नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण माध्यमाने घरात डोकावलं तर नेमकं काय करायचं, भरपाई किती, दाद कुठे, याचा साधा सरळ कायदा संसदेने अजून केलेला नाही. ज्याला परवडतं तो उच्च न्यायालयात जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांना दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचं नाव, चेहरा, आवाज आणि 'झकास' हा उच्चारसुद्धा इतरांनी धंद्यासाठी वापरू नये म्हणून संरक्षण दिलं. झकास हा गिरणगावापासून गिरगावापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलेला आमचा शब्द. त्यांच्या हक्काबद्दल माझी तक्रार नाही. पण ताऱ्याची बाजारातली किंमत जपायला न्यायव्यवस्था किती झटकन धावते आणि त्याची झोप जपायला किती उशीर करते, हे यात दिसतं.

आणि ज्याला उच्च न्यायालय परवडत नाही त्याचं काय? माझ्या परिचयाच्या एका घरातली मुलगी मराठी मालिकांत दुय्यम कामं करते. चाळीस चेहऱ्यांतला एक चेहरा. तिचं लग्न मोडलं तेव्हा गॉसिपच्या एका पानाने तिच्या लग्नाच्या अल्बममधला फोटो उचलून नवऱ्याच्या डोक्यावर लाल बाण काढला आणि खाली प्रश्नचिन्ह दिलं. बातमी अशी नव्हतीच, फक्त प्रश्नचिन्ह. तिने ते पान काढायला लावण्यासाठी तीन आठवडे ईमेल लिहिले. तिची आई दोन महिने भाजीला अंधार पडल्यावर जायची, आणि त्या वर्षी चैत्रातलं हळदीकुंकू तिने केलं नाही. 'सेलिब्रिटी' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे वांद्र्याचा बंगला येतो. तो शब्द ज्यांच्या डोक्यावर बसतो त्यातले पुष्कळ लोक भाड्याच्या वन रूम किचनमध्ये राहतात.

मुलांबद्दल तर मला वादच मान्य नाही. सैफ आणि करीनाचा थोरला मुलगा दोन वर्षांचा व्हायच्या आत केरळातल्या एका दुकानात त्याच्यासारखी बाहुली विकायला आली होती. विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी मुलीचे फोटो काढू नका असं हात जोडून सांगितलं होतं, आणि बहुतेक फोटोग्राफरांनी ते पाळलंही. जानेवारी २०२२ मध्ये केप टाउनच्या सामन्यात प्रक्षेपणाचा कॅमेराच तिच्यावर गेला आणि काही तासांत तिचा चेहरा सगळीकडे होता. आराध्या बच्चन अकरा वर्षांची असताना ती गंभीर आजारी आहे, ती गेली, असे व्हिडिओ यूट्यूबवर चालले. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते थांबवले. तिथे न्यायालयाने सांगितलं की मूल प्रसिद्ध घरातलं असो वा सामान्य, त्याचा मान तेवढाच.

१६ जानेवारी २०२५ च्या पहाटे सैफच्या घरात शिरलेल्या माणसाने त्याच्यावर चाकूने वार केले. त्याचा दोष फोटोग्राफरांवर टाकणं चूक ठरेल. पण त्यानंतर करीनाने लिहिलं की सततच्या या पाठलागाने आमची सुरक्षितता धोक्यात येते. कोणत्या इमारतीत राहतात, मुलं कोणत्या शाळेत, कोणत्या वेळी कोणत्या क्लासला, सांभाळणारी बाई कोण, हे सगळं आपल्याला माहीत आहे. आपल्याला माहीत आहे म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.

दाराशी उभ्या असलेल्या फोटोग्राफर मुलांबद्दल कुत्सित बोलणाऱ्यांत मी नाही. नालासोपारा, कळवा, मानखुर्द अशा ठिकाणांहून मोटारसायकल काढून ती येतात, आठ-आठ तास उन्हात उभी राहतात, आणि फोटो विकला गेला तरच पैसे. त्यांच्या कपड्यांवर, भाषेवर शेरे मारणं हा वेगळाच माज आहे. बाळंतिणीच्या खिडकीचा फोटो जास्त किमतीला जातो हे त्यांनी ठरवलेलं नाही. ते ठरवणारा माणूस वातानुकूलित कार्यालयात आकड्यांच्या पडद्यासमोर बसलेला असतो, आणि तो आकडा तुमच्या-माझ्या अंगठ्याने हलतो.

आता या प्रश्नाची दुसरी कड, जिची मला जास्त भीती वाटते. खासगीपणाचा शब्द बलवानांना फार आवडतो. २०२१ मध्ये शिल्पा शेट्टी यांनी नवऱ्याच्या अटकेनंतरच्या बातम्यांविरुद्ध केलेल्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी माध्यमांवर सरसकट तोंडबंदी घालायला नकार दिला. पोलिसांनी सांगितलेलं छापणं ही बदनामी होत नाही, असं ते म्हणाले. त्याच वेळी तिच्या आईपणावर आणि मुलांवर घसरलेला मजकूर त्यांनी वेगळा काढला. ओसरी आणि माजघर यांतलं अंतर त्यांनी एका दिवसात दाखवून दिलं. संसदेने मात्र उलट केलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं. आधी अधिकाऱ्याची वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे पाहावं लागे, आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही अशी तरतूद होती. आता वैयक्तिक माहिती आहे एवढं म्हणणं पुरतं. कलम ८(२) मधली सार्वजनिक हिताची वाट कागदावर उरली आहे, पण त्या वाटेने अर्ज नेऊन पाहणाऱ्यांना ती किती अरुंद आहे हे माहीत असतं.

महाराष्ट्राला हे जास्त लागायला हवं. केंद्राच्या आधी, २००२ मध्ये, इथे माहिती अधिकाराचा कायदा झाला, आणि त्यासाठी इथली माणसं उपाशी बसली होती. कुलाब्याच्या 'आदर्श'मध्ये कोणाच्या कोणत्या नातलगाला फ्लॅट मिळाला हे उजेडात आणण्यात माहिती अधिकाराच्या अर्जांचा हात होता. नव्या शब्दरचनेत कोणाही अधिकाऱ्याला म्हणता येईल की माझ्या मेहुण्याचं नाव ही वैयक्तिक माहिती आहे. म्हणजे नटीच्या बाळाचं तोंड सार्वजनिक, आणि सचिवाच्या मेहुण्याचा फ्लॅट खासगी. पाटलाने ओसरीला कुलूप लावलं आणि गावाला सांगितलं, जा, समोरच्या बाईच्या खिडकीत बघा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये धर्मेंद्र जिवंत असताना माध्यमांनी त्यांच्या निधनाची बातमी दिली. हेमा मालिनींना ती खोटी आहे हे स्वतः सांगावं लागलं. रुग्णशय्येवरचा म्हातारा बाप आणि भोवती रडणारी मुलं, असा आतला व्हिडिओ बाहेर आला. घरी आणल्यावर सनी देओल फाटकाबाहेरच्या कॅमेऱ्यांपुढे हात जोडून उभा राहिला आणि तुमच्याही घरी आईबाप आहेत, लाज वाटत नाही का, असं त्याने सुनावलं. पुढे दहा-बारा दिवसांत ते गेले.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. पहिली, खासगीपणाच्या भंगाबद्दल दिवाणी दाद मागण्याचा स्वतंत्र कायदा, ज्यात आजार, बाळंतपण, शोक, घराचं आतलं आणि अठरा वर्षांखालची मुलं यांना नावानिशी संरक्षण असेल, आणि सार्वजनिक हितासाठी छापलं हा बचाव पत्रकाराला तितक्याच स्पष्ट शब्दांत मिळेल. जिल्हा न्यायालयात चालेल असा, म्हणजे माझ्या परिचयाच्या त्या मुलीलाही तो वापरता येईल. दुसरी, माहिती अधिकारातलं जुनं कलम ८(१)(ञ) जसंच्या तसं परत. यातली एकच गोष्ट मिळणार असेल तर मला शंका येईल की ती कोणासाठी दिली जाते आहे. दोन्ही विधेयकं एकाच अधिवेशनात यावीत.